गार्वीच्या विहिरीतली ट्राउट

दर ऑक्टोबरात, शेतातले बटाटे निघाले की आमच्या मासेमारी क्लबची माणसं ग्लासान नदीत उतरतात आणि लांब दांड्याच्या दाताळ्यांनी तळाची खडी विंचरतात. वर्षभराचा गाळ खडीत बसलेला असतो. तो मोकळा होऊन वाहून गेला नाही, तर ट्राउट मासळी हिवाळ्यात तिथे जी अंडी घालते ती गुदमरून मरतात. माझा नवरा कोलमन या कामात सगळ्यांच्या पुढे असायचा. लग्नाचा वाढदिवस तो हमखास विसरायचा, खडीचा दिवस कधीच नाही.

"माझे केस कधी असे विंचरले नाहीस," असं मी एकदा काठावरून म्हटलं.

"तुझ्या केसांत कोणी अंडी घालत नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

असा माणूस. त्याला नदीपासून तोडलं फिन्टन गार्वीने.

फिन्टन माझा विद्यार्थी. लीट्रिम परगण्याच्या या कोपऱ्यात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे निम्मं गाव मला अजून 'बाई' म्हणतं, तोही म्हणायचा. पुलाच्या वरच्या अंगाला त्याचा मोठा गोठा आणि त्याखाली शेणकाल्याची, म्हणजे शेण-मुताच्या पातळ खताची टाकी. जूनमध्ये ती टाकी काठोकाठ भरली होती आणि पावसाची चिन्हं होती. पाऊस सुरू झाला, आणि गोठ्यामागच्या चरातून टाकीतला शेणकाला थेट नदीत आला. पावसात कोणाच्या लक्षात येणार नाही, असा हिशोब असावा.

दुसऱ्या दिवशी मी आणि कोलमन पुलाखाली गेलो. पाणी काळपट तपकिरी होतं. शेणकाला पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, हे मी पोरांना फळ्यावर शिकवलंय. फळ्यावर ते फार सोपं दिसतं. जिथे जिथे काठावरून झऱ्याची एखादी स्वच्छ धार नदीत पडत होती, तिथे मासे एकमेकांवर चढून, नाकं वर काढून, तोंडं उघडी टाकून मेले होते. शेवटचा श्वास मिळेल म्हणून प्रत्येकाने त्या धारेला तोंड लावलं होतं. कोलमन कमरेइतक्या पाण्यात उभा राहून खताच्या रिकाम्या गोणींत ते भरत राहिला. मी हाका मारल्या, तो बाहेर आला नाही.

क्लबने खटला भरला, पण कोर्टात पुरावा टिकला नाही. बाहेर फिन्टन माझ्याजवळ आला, टोपी काढून, अगदी अदबीने.

"बाई, नदीचं काय एवढं? दोन पावसांत धुऊन निघते. मासे काय, पुन्हा येतील. कोलमनकाकांना म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका."

कोलमनने लावून घेतलं. त्याने गळाच्या काठ्या माळ्यावर टाकल्या, खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आणि नाताळच्या आधी गेला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मी वाद घातला नाही. पण शब्द मवाळ करून काय उपयोग? मला सूड हवा होता. फादर म्हणाले क्षमा कर. मी मान डोलावली आणि घरी येऊन फिन्टनच्या नावाने भांडी घासली.

एप्रिलमध्ये फिन्टन माझ्या दारात आला.

आमच्याकडे घराच्या झऱ्याच्या विहिरीत एक ट्राउट सोडायची जुनी रीत आहे. ती किडे खाते, पाणी स्वच्छ राहतं, आणि पाणी बिघडलं तर आधी तिला कळतं. पण ही ट्राउट स्वतः पकडून आणायची नसते. शेजाऱ्याने द्यायची. ज्याने दिली त्यानेच वेळ आली तर बाहेर काढायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि नदीपासून विहिरीपर्यंत नेताना तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण वाटेत जे बोललं जाईल ते मासा विहिरीत घेऊन जातो. गार्वींच्या विहिरीतली म्हातारी ट्राउट हिवाळ्यात मेली होती. त्याने चार घरं विचारून पाहिली होती. कोणी दिली नव्हती.

"तुमच्याकडूनच हवी, बाई," तो म्हणाला. "तुम्ही दिलीत की गावाचं तोंड बंद होईल."

त्याचा निर्लज्जपणा पाहून मला जवळजवळ हसू आलं. "देते की," मी म्हटलं.

गार्वींच्या गोठ्याच्याही वरच्या अंगाला, जिथे शेणकाला पोचला नव्हता, तिथे ट्राउट अजून होत्या. मी तिकडे गेले नाही. कोलमनची काठी माळ्यावरून काढली आणि पुलाखाली, मेलेल्या टापूत गेले. तिथे काही नव्हतं. महिनोन् महिने आम्ही दगड उलटून पाहत होतो, साधी अळीसुद्धा सापडत नव्हती. तरी मी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकली, आणि ती पाण्याला टेकताच काहीतरी वर आलं.

ती ट्राउट हडकुळी होती आणि काळपट. एका कल्ल्याच्या झाकणावर पांढरा चट्टा होता. ती जराही झुंजली नाही. दूध वाहून नेण्याच्या जुन्या कॅनमध्ये मी तिला घातलं आणि गार्वींच्या चढाला लागले.

मी पाण्याची परीक्षा नळीत करणारी बाई. पाणी राग धरत नाही, मासे निरोप नेत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी वाटभर मी त्या कॅनशी बोलले. गोणी सांगितल्या, त्या उघड्या तोंडांबद्दल सांगितलं, भिंतीकडे बघत बसलेला कोलमन सांगितला. फाटकापाशी म्हटलं, "कसं असतं ते त्याला कळू दे. बाकी काही नको."

फिन्टनने विहिरीचं लाकडी झाकण उचललं. त्याची बायको सॉर्चा चहा घेऊन आली. ट्राउट एकदाच फिरली आणि दगडांच्या सावलीत जाऊन थांबली.

"बारीक आहे हो," फिन्टन म्हणाला.

"भरेल," मी म्हटलं.

मेमध्ये त्याचा फोन आला. पाण्याला वास येतोय म्हणाला, येऊन तपासता का? मी पेटी घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी काचेसारखं होतं. अमोनिया नाही, नायट्रेट नेहमीइतकं, प्राणवायू भरपूर. मी पेलाभर प्यायले. गोड पाणी. सॉर्चा प्यायली. फिन्टनने पेला नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं.

"शेणाचा येतोय," तो म्हणाला. "तुम्हाला नाही येत?"

"दिवसभर गोठ्यात असतोस तू," सॉर्चा म्हणाली. "तुझ्याच मिशांना येत असेल."

मी हसले. विहिरीत डोकावले. ट्राउट भरली होती, कल्ले संथ उघडझाप करत होते. तिचं बरं चाललं होतं.

मग तो दुकानातलं बाटलीतलं पाणी प्यायला लागला. त्यालाही वास यायचा म्हणे. जूनमध्ये सॉर्चा मला रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर भेटली. तिने सांगितलं, तो घरात झोपत नाही. आधी खिडकी उघडून झोपला, मग माळ्यावर, मग गवताच्या गंजीवर चढून. हवा पुरत नाही म्हणतो. मोठ्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं. फुप्फुसं घोड्यासारखी आहेत म्हणाले, प्राणवायू शंभर टक्के.

"जेवताना बघवत नाही हो, बाई. घास तोंडात ठेवतो आणि तोंड मिटतच नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचं मला वाईट वाटलं. त्याचं वाटलं नाही.

दोन दिवसांनी मी अंडी आणायच्या निमित्ताने गेले. खरं तर बघायला गेले. भर दुपार, स्वच्छ ऊन, टेकडीवरून वारा येत होता. अंगणात कोणी नव्हतं. मी गोठ्याला वळसा घातला.

फिन्टन गोठ्याच्या बंद दारापाशी गुडघ्यांवर होता. दाराच्या दोन फळ्यांमधून आतला वारा बाहेर येतो, त्या फटीला त्याने नाक लावलं होतं. मान वर. तोंड उघडं. ओठ गोल होऊन मिटत होते, उघडत होते. आवाज काहीच नाही.

हे मी पाहिलेलं होतं. झऱ्याच्या धारेपाशी, पुलाखाली.

मी पाय न वाजवता मागे फिरले. अंडी राहिली.

त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला, चालत. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्यावर चौकटीला धरून उभा राहिला. गाल आत गेले होते, चेहरा काळपट. कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला, कातडीवर पांढरा चट्टा उठला होता.

"तो मासा काढून घ्या, बाई."

"का रे? पाणी बिघडलं का?"

"पाण्याला काही झालेलं नाही." तो थांबला, वारं गिळल्यासारखं केलं. "तोटी मीच उघडली होती. टाकी भरलेली, पाऊस येणार होता. मला माहीत होतं. खाली मासे आहेत हेही माहीत होतं."

"हे कोर्टात का नाही बोललास?"

"आता बोलतोय ना. दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. मी जाळी टाकून पाहिली, ती जाळीत येत नाही. तुम्हीच दिलीत, तुम्हीच काढा."

"उद्या येते," मी म्हटलं.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात गार आणि बुळबुळीत होते. उताराने जाताना तो दर काही पावलांनी थांबत होता आणि तोंड आकाशाकडे करत होता.

एवढं ऐकून मन निवायला हवं होतं. निवलं नाही. कोलमनची खुर्ची अजून खिडकीकडे पाठ करूनच होती. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. बागेत वाटाण्यांना काठ्या लावल्या, दुपारी ब्रेड भाजला. त्याच्या पुढच्या दिवशीही गेले नाही.

तो टेकडीच्या माथ्यावर सापडला, जिथे वारा कधी पडत नाही. मोकळ्या हवेत गुदमरून. डॉक्टरांनी हृदय लिहिलं.

घरी ठेवलेल्या त्याच्या देहापाशी अख्खं गाव आलं. चहावर चहा झाला. गार्वींच्या पाण्याचा चहा असा कुठे होत नाही, असं दोघातिघांनी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दफन झाल्यावर सॉर्चाने मला थांबवून घेतलं.

"ती ट्राउट नदीत सोडून द्या. शेवटी शेवटी तो एवढंच म्हणत होता."

आम्ही विहिरीपाशी गेलो. ऊन होतं. मी झाकण सरकवलं आणि कोलमनची हातजाळी पाण्यात घातली. ती आपणहून जाळीत आली.

मी तिला वर उचललं. पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो. ही शांत पडून राहिली. कल्ले मिटलेले. तोंड मिटलेलं. पोट हळू हळू वरखाली होत होतं, झोपलेल्या माणसाचं होतं तसं. डोळा वळला आणि माझ्यावर थांबला.

बादली शेजारी होती, विहिरीच्याच पाण्याने भरलेली. मी जाळी बादलीत उतरवली.

तिचं तोंड उघडलं. ओठ गोल झाले. कल्ले फाकले, आणि ती बादलीच्या कडेवर नाक घासत वर येऊ लागली.

मी तिला पुन्हा वर घेतलं. शांत. पुन्हा खाली. तोंड उघडलं.

हाताला जाळीतून काहीतरी उबदार लागत होतं.

"बरी आहे ना ती?" सॉर्चाने मागून विचारलं.

हिरवळ पायाशी होती. तिथे मोकळ्या हवेत नुसती ठेवली असती तरी पुरे होतं. नदी फार लांब नव्हती. मला खुर्चीची आठवण झाली, खिडकीकडे पाठ केलेल्या.

"छान आहे," मी म्हटलं. "नदीत नको सोडायला. तिथलं पाणी अजून धड झालेलं नाही."

मी तिला विहिरीत सोडलं, तळापर्यंत जाताना पाहिलं आणि झाकण ओढलं.

"किती जगतात या?" सॉर्चाने विचारलं.

"सावली असली, कोणी हात लावला नाही, तर फार वर्षं. माणसापेक्षा जास्त जगल्याच्याही गोष्टी आहेत."

"मला नाही जमायचं तिच्याकडे बघणं. खायला काय लागतं तिला?"

"गांडुळं. मी आणत जाईन."

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना झाली की मी डबी घेऊन गार्वींच्या चढाला लागते. सॉर्चा गावात सांगते, बाईंचं मन फार मोठं. ट्राउट खायला बघत नाही, गांडूळ नाकासमोर आलं की मान फिरवते. मी काठावर बसून वाट पाहते. तोंड तिला उघडावंच लागतं.