तळघरातलं चौथं मशीन

वाजिद आमच्या भोकरचा. लातूरला कॉम्प्युटरची कामं करतो. थापा मारणारा गडी न्हाई, म्हणून सांगतो. हसू नका.

दोन वर्षांमागची भोगीची रात्र. लातुरातल्या एका दवाखान्याच्या तळघरात वाजिद नवा सर्व्हर लावत होता. खोकं एकच, पण त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं केलेली तीन मशीनं चालायची. एक पेशंटच्या नोंदींचं, एक स्कॅनच्या फोटोंचं, एक कॅमेऱ्यांचं. प्रत्येकाला स्वतंत्र डिस्क द्यायची, का सगळ्यांना साठवणीच्या एकाच हौदातून लागेल तशी जागा घेऊ द्यायची, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. वाजिदनं हौद धरला. "भरायला वरीस जाईल," असं डॉक्टरला सांगून तो जेवायला बसला. पुनम सिस्टरनं तीळ लावलेली भाकरी आणून दिली होती.

अर्धी भाकरी झाली न्हाई तोच पुनम जिन्यावरून ओरडली, "वाजिदभाई, स्कॅन उघडंना! ॲक्सिडेंटची बाई टेबलवर हाय. डोक्यात रक्त कुठं साचलंय, डॉक्टरला दिसंना!"

वाजिदनं पडद्याकडं बघितलं. हौद काठोकाठ भरलेला.

आन् यादीत चौथं मशीन होतं. त्यानं न केलेलं. नाव, 'प्रसूती'. बंद दाखवत होतं, तरी फुगत होतं.

"पुनमताई, प्रसूतीचा वॉर्ड कुठंय?"

"बंद केलाय की तो. बाळंतपणाला आलेली उदगीरकडची गौरम्मा गेली तवापासून. खाट रिकामी नव्हती, जागा न्हाई म्हणून दाराबाहेर बसवली तिला... तिथंच गेली. कॅमेरेसुदीक काढून नेले. का हो?"

वाजिदनं ते मशीन यादीतून पुसलं. गेलं.

पुन्हा आलं. आधीपेक्षा मोठं.

त्यानं उघडलं. पडद्यावर अंधारा वॉर्ड. उघडं दार. दाराबाहेर एक बाई. पोटावर हात. आत येत नव्हती... नुसती बघत होती. त्याच्याकडं.

ओठ हलले. आवाज न्हाई. तरी त्याला कळलं.

"जागा हाय का?"

वरून पुनमची हाक. "भाई, लवकर!"

वाजिद उठला. कपाटातली कोरी डिस्क काढली. सीलबंद पाकीट दातानं फोडलं. डिस्क खोबणीत सरकवली.

"अम्मा," तो म्हणाला, "ही तुमची एकटीची. हितून कुणी उठवणार न्हाई."

सर्व्हरचे पंखे थांबले.

...

पंखे सुरू झाले. हौद रिकामा. यादीत तीनच मशीनं. वर स्कॅन उघडला.

पण उशीर झाला होता. टेबलवरची बाई गेली.

पहाटे सामान आवरताना वाजिदनं ती नवी डिस्क तपासली. त्यानं तिच्यावर काहीच टाकलं नव्हतं. एक अक्षर न्हाई.

डिस्क गच्च भरली होती.