लाल वॉकर, निळा वॉकर

खट्! हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मार्थेझचा वॉकर दुसऱ्याच कुणाच्या तरी वॉकरमध्ये अडकला आणि ती भिंतीला टेकली.

"अगं, बघून चाल की!"

"मी? समोरून सुसाट कोण आलं? प्लास्टर पायाला घातलंय का डोळ्यांना?"

तिनं तावातावानं मान वर केली… आणि पुढचं भांडण विसरूनच गेली. कुरळे केस, हनुवटीवर टाके, डोळे मात्र मिश्कील. आणि वॉकरच्या दांडीला चक्क निळी रिबीन! तिच्या वॉकरला लाल होती. आईनं बांधलेली.

विस्टिन! चौकापलीकडच्या निळ्या क्लबच्या नेनूंचा मुलगा. दोघं एकाच चौकात वाढलेले, पण एकमेकांशी कधी अवाक्षर बोलले नव्हते. माल्टात प्रत्येक गावाचं हे असंच, दोन पक्ष आणि दोन रंग. लाल घरातले लाल क्लबात कॉफी पितात, निळ्या घरातले निळ्या. मधला चौक ओलांडायला दहा पावलं लागतात, पण ती कुणी टाकत नाही.

"पडलीस कशी?" त्यानं विचारलं.

"क्लबच्या गच्चीवर झेंडा लावताना शिडी सरकली. निवडणूक तोंडावर आलीय ना! तू?"

"प्रचाराच्या ट्रकवरून. झेंडा हलवता हलवता."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग असे फुटले हसायला, की सिस्टर कार्मेना धावत आली.

"म्हणजे आपल्या दोघांनाही पक्षानंच पाडलं!" विस्टिन डोळे पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचे दहा कधी वाजतात याची मार्थेझ वाटच बघू लागली. दहाला व्यायाम. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला खिडकी, खिडकीत उन्हानं पिवळी झालेली घरं आणि त्यांच्यामागे समुद्राची एक बारीकशी रेघ. तिथल्या बाकावर विस्टिन खजूर भरलेल्या तळलेल्या वड्या घेऊन बसायचा. कागदाच्या पुडीत दोघांचे हात एकदमच जायचे… आणि कुणालाच बाहेर काढायची घाई नसायची.

"तुम्हाला चालायला सांगितलंय, बोलायला नाही!" सिस्टर ओरडायची, आणि हसत निघून जायची.

दुपारी मात्र पाय उशीवर आणि नजर छतावर. झेंडे नाहीत, भोंगे नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मार्थेझला इतकी शांतता मिळाली होती आणि डोक्यात एक प्रश्न येऊन बसला होता. मी लाल का? तर आजोबांना लाल सरकारच्या काळात गोदीत नोकरी लागली म्हणून. आणि विस्टिन निळा का? त्याच सुमारास त्याच्या आजोबांची मास्तरकी गेली म्हणून. पन्नास वर्षं झाली! आजोबांच्या टोप्या आपण घालत नाही, त्यांचा रेडिओ ऐकत नाही, मग त्यांचं भांडण तेवढं का वापरतोय? गावाबाहेरची शेतं टॉवरखाली का जातात, हे विचारायची सोयच नाही. विचारलं की उलट प्रश्न येतो, "तू त्यांच्या बाजूनं बोलतेस की काय?" जणू जगात 'आपण' आणि 'ते' सोडून कुणी राहतच नाही.

"गंमत बघ," तिनं विस्टिनला सांगितलं. "आपल्या मतपत्रिकेवर नंबर टाकायचे असतात. एक, दोन, तीन… कितीही, कुणालाही. तरी आपला रंग संपला की सगळ्यांची पेन्सिल थांबते."

"तुझी थांबेल?"

"माहीत नाही. पहिलंच मत आहे माझं."

"बरं… मला कितवा नंबर देशील?"

"पाचवा."

"पाचवा! आधीचे चार कोण?"

"आई, बाबा, आमचं मांजर…"

"आणि चौथा?"

"सिस्टर कार्मेना. ती इंजेक्शन हळू देते."

"निदान मांजराच्या वर तरी घे गं!"

ती हसली. त्यानं रिकाम्या पुडीची घडी घातली.

"शनिवारी घरी सोडणार ना तुला?"

"हो. बाबा अख्खा क्लब घेऊन येणारेत. गाड्यांची रांग, झेंडे, बँड. पक्षासाठी पडलेली मुलगी ना मी!"

"मग चौकात समोरासमोर आलो की… ओळख नाही, असंच ना?"

त्या रात्री मार्थेझचं जेवण तसंच राहिलं.

शनिवार उजाडला. बाबा आले, गळ्यात लाल मफलर, मागे क्लबची सहा-सात माणसं. "चला, आमची वाघीण निघाली!" म्हणत सगळे लिफ्टकडे वळले. कॉरिडॉरच्या टोकाला विस्टिन उभा होता. त्यानं ही वरात पाहिली आणि हळूच वॉकर वळवून पाठ फिरवली. तिला अडचण नको म्हणून… हे तिला लांबूनही कळलं, आणि छातीत काहीतरी लख्ख पेटलं.

"विस्टिन! थांब!"

सगळे थांबले. सिस्टरसुद्धा.

"बाबा, हा विस्टिन. मला आवडतो. आणि चौकातही आवडणार आहे."

"नेनूचा…?" बाबांच्या तोंडून एवढंच आलं.

"हो, नेनूंचाच. मत मी माझ्या डोक्यानं देणार, बाबा… आणि माणूसही मीच निवडणार."

मागे कुणीतरी खोकलं. बाबांनी चष्मा काढला, मफलरनं पुसला, पुन्हा घातला. विस्टिनला खालून वर न्याहाळलं. बुडत्या माणसासारखे ते आधार शोधत होते.

"पोरा… फुटबॉलमध्ये तरी? इटली की इंग्लंड?"

अख्ख्या क्लबनं श्वास रोखला. या बेटावर या प्रश्नावरून लग्नं मोडलीत! विस्टिनला माहीत होतं, बाबा इटलीवाले. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. त्याचे कान लालबुंद झाले.

"क्रोएशिया, काका."

"काय?"

"क्रोएशिया."

बाबांनी मागच्या माणसांकडे बघितलं, त्यांनी बाबांकडे. मग बाबा अगदी हळू म्हणाले, "असं… तिसरं पण चालतं?"

"चालतं की, बाबा!"

आधी बाबांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते खो खो हसत सुटले. "खाली चल रे, क्रोएशिया. कँटीनमध्ये कॉफी पाजतो. तिथं कुठलाच झेंडा नाही."

दोन वॉकर खट् खट् करत शेजारी शेजारी निघाले.

"मार्थेझ…" तो कुजबुजला. "तूही मला… म्हणजे… खूप. सांगायचंच राहिलं."

"माहितीय," ती म्हणाली आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "आता चाल लवकर, बाबांनी लिफ्ट धरून ठेवलीय!"