बारसं न झालेला चुंबक

"एक हजार एकशे त्रेचाळीस!" पडद्यावरचा आकडा वाचून मृण्मयी खोब्रागडेने खुर्ची गर्रकन वळवली. "मॅडम, चौदा महिन्यांत इतक्या वेळा हा चुंबक तापता तापता वाचला. आणि शीतभंग किती? शून्य!"

डॉ. सुलक्षणा बेडेकर काचेपलीकडच्या एमआरआय यंत्राकडे बघत होत्या. राज्याच्या उपकरण-मान्यता समितीतर्फे त्या सकाळीच चंद्रपूरच्या या रुग्णालयात पोहोचल्या होत्या. मृण्मयीने बनवलेलं 'शमक' आणखी बासष्ट रुग्णालयांत बसवायचं की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं.

"मी भौतिकीची नाही, हृदयाची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "मला समजेल असं सांग."

मृण्मयीला एवढंच हवं होतं. "बाहेर सत्तेचाळीस अंश आहे ना? त्या यंत्राच्या पोटात उणे दोनशे एकोणसत्तर आहे. तिथे साठ किलोमीटर अतिवाहक तार गुंडाळलीय. त्या थंडीत तारेला विरोधच उरत नाही, एकदा सोडलेला विद्युतप्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. पण तपासणी करताना यंत्र ठकठक हादरतं. कुठेतरी तार केसभर सरकते, घासते. टाचणी जमिनीवर पडल्यावर निघेल तेवढी उष्णता. तेवढी पुरते! तो बिंदू अतिवाहक राहत नाही, तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि काही सेकंदांत सगळा चुंबक बेशुद्ध. हा शीतभंग. पुन्हा थंड करायला नऊ दिवस."

"आणि तुझं शमक?"

"तारेबरोबर तापमान टिपणारा काचतंतू गुंडाळलाय. उष्णबिंदू दिसला की शमक तिथला प्रवाह एका सेकंदापुरता शेजारच्या वेढ्यात वळवतं. बिंदू निवतो, प्रवाह परत येतो. रुग्णाला पत्ताही लागत नाही."

दारात उभे असलेले उराडे खाकरले. एकवीस वर्षं ते इथे तंत्रज्ञ होते.

"सांगा की, उराडेभाऊ," मृण्मयी हसली. "मॅडम, यांचं माझ्या चुंबकाशी पटत नाही. याला नावच देत नाहीत."

"देऊ कसं जी? याचं बारसं कुठं झालं?" उराडे म्हणाले. "आमच्या लाइनीत रीत आहे, मॅडम. चुंबक पहिल्यांदा बसला, म्हणजे ताईंचा तो शीतभंग झाला, की मग नाव ठेवायचं, पेढे वाटायचे. याच्याआधी इथं शेवंता होती. नवी असताना दोनदा बसली. मग चौदा वर्षं हूं का चूं नाही. हा बाप्पा एकदाही नाही बसला. अन् रोज कण्हून राहिला."

"कण्हतोय?" डॉ. बेडेकरांनी भुवया उंचावल्या. "मृण्मयी, हे अकराशे बिंदू तारेवर कुठे कुठे होते?"

"सगळीकडे असणार."

"असणार?"

मृण्मयी थबकली. समितीच्या अर्जात फक्त एकूण संख्येचा रकाना होता. ती दर महिन्याला एकूण संख्याच काढत आली होती. जागांची नोंद मात्र शमककडे पहिल्या दिवसापासून होती. तिने साठ किलोमीटरची तार पडद्यावर एका आडव्या रेषेत मांडली आणि त्यावर ठिपके टाकले. रेषाभर मोहरीसारखे विखुरतील अशी तिची अपेक्षा होती.

फक्त तीन ठिपके उमटले. तीन काळेकुट्ट ठिपके.

"तीनच जागा!" ती उठून उभी राहिली. "त्याच त्या तीन जागा, पुन्हा पुन्हा! पण का? सरकलेली तार नव्या जागी घट्ट बसायला हवी..." बोलता बोलता तिने पेन उचलून टेबलावर ढकललं, मग बोट मागे घेतलं. "अरे देवा! तारेला ढकलतं कोण? तिच्यातला प्रवाहच! आणि मी ऐन सरकताना तोच काढून घेते. ढकलणारंच कोणी नाही, म्हणून तार मागे, जुन्या जागी येते. पुढच्या हादऱ्याला परत तेच. उराडेभाऊ, शेवंता दोनदा पूर्ण सरकली आणि बसली. याला मी बसूच दिलं नाही!"

"तेच तर म्हणून राहिलो, ताई."

"म्हणजे मी अकराशे शीतभंग वाचवलेच नाहीत. तीनच होते. तेच अकराशे वेळा पुढे ढकलले!" तिचे डोळे चमकत होते. आपण चुकलो याचं दुःख व्हायला तिला अजून वेळच मिळाला नव्हता.

डॉ. बेडेकरांना मात्र घाई होती. "ढकलत राहिलं तर काय होईल?"

मृण्मयीने आणखी एक आलेख काढला, आणि तिचा आवाज उतरला. दोन ठिपके शेजारशेजारच्या वेढ्यांत होते. दरवेळी घासून तिथला राळेचा लेप तडकत गेला होता, उष्णता वाढत गेली होती. पहिल्या महिन्यात त्या दोघांच्या तापण्यात कित्येक तासांचं अंतर असायचं. गेल्या आठवड्यात तीन सेकंद. काल संध्याकाळी दीड.

"शमक एका बिंदूचा प्रवाह दुसऱ्यात वळवतं," ती सावकाश म्हणाली. "दुसराही त्याच सेकंदात तापला, तर दुप्पट प्रवाह तापलेल्या तारेत जाईल. मग शीतभंग नाही, मॅडम. तार वितळेल. नवा चुंबक यायला वर्ष लागेल."

"बाहेर एकतीस लोकं बसलेत," उराडे म्हणाले. "सिरोंच्याहून आलेली एक पोर आहे, नऊ वर्षांची. डोक्यात गाठ आहे. तिला नागपूरला धाडता येईल. पण वर्षभर सगळ्यांना कोण धाडणार?"

मृण्मयीने डॉ. बेडेकरांच्या हातातल्या अर्जाकडे पाहिलं. 'शीतभंग: शून्य' ही मान्यतेची अट होती. तिने शमकची कळ बंद केली.

"उराडेभाऊ, आज याला बसू द्यायचं. पलंगावर रुग्णाऐवजी पाण्याची बाटली ठेवा. तपासणी सुरू करा."

उराडेंनी आधी त्या मुलीला नागपूरच्या रुग्णवाहिकेत बसवलं, बाकीच्यांना नव्या तारखा दिल्या, आणि मग यंत्र चालू केलं. ठकठक, ठकठक. सहाव्या मिनिटाला आतून मोठा हुंकार आला, चुंबकीय क्षेत्राचा आकडा घसरत शून्यावर गेला आणि खोली शांत झाली.

"बसला!" उराडे ओरडले.

नऊ दिवसांनी चुंबक पुन्हा जागा झाला. एक ठिपका कायमचा गप्प झाला होता. राहिलेल्या दोघांसाठी मृण्मयीने तो आणखी दोनदा बसू दिला. अठ्ठाविसाव्या दिवशी सिरोंच्याची मुलगी शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला आली. तिची तपासणी संपली तरी पुन्हा चालू केलेल्या शमकच्या पडद्यावर एकही नोंद नव्हती.

"तुझा अहवाल रिकामाच आलाय, यंत्र बंद पडलेलं दिसतंय," डॉ. बेडेकर दूरध्वनीवर म्हणाल्या.

"चालू आहे, मॅडम. त्याला कामच उरलं नाही!"

"मग समितीचा आदेश उघडून बघ."

शमकला मान्यता मिळाली होती. शून्याची अट खोडलेली होती. तिच्या जागी सरकारी मराठीत एक नवी अट होती: 'ज्या चुंबकाचे नामकरण झालेले नाही, त्यावर सदर उपकरण बसवू नये.' खाली एक रिकामा रकाना होता: 'चुंबकाचे नाव'.

मृण्मयीने पेन उघडलं. काचेपलीकडे उराडेंनी किल्ल्या, घड्याळ आणि पट्टा काढून बाहेर ठेवला होता. यंत्राच्या बोगद्यात डोकं घालून ते म्हणत होते, "कुर्रर्र... सगुणा."