हवेचा काटा

जुन्या ट्रकची चार मीटरं टॉवेलात गुंडाळून आली, तेव्हा काटेमास्तरांनी आधी टॉवेलच पाहिला. पिशवीतून वस्तू आणणारं गिऱ्हाईक महिनाभर फिरकत नाही आणि टॉवेलातून आणणारं रोज फोन करतं, असा त्यांचा अनुभव होता.

हे गृहस्थ टॉवेलवाल्यांतले, निवृत्त आणि हौशी. भंगारातून एक म्हातारा ट्रक उचलून आणला होता आणि नातू झाल्यासारखे त्याचे फोटो दिसेल त्याला दाखवत होते.

"मास्तर, काटे हलले पाहिजेत. ट्रक नाही हलला तरी चालेल."

"हलवतो. पण खोटे हलवणार नाही."

हे वाक्य मास्तर प्रत्येकाला ऐकवायचे. गेली सव्वीस वर्षं जरा जास्तच जोरात ऐकवायचे.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं मीटरदुरुस्तीचं काम चाले. खिडकीखाली टेबल, टेबलाच्या कडेला मीटर तपासायचा हातपंप, बाजूला गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. भिंतीतल्या कोनाड्यात वही. वही बायको लिही, कारण मास्तरांचं अक्षर खुद्द मास्तरांनाही लागत नसे. वहीत चार रकाने होते: काय आलं, आलं तेव्हा काटा कुठे होता, आत कोणाची खूण आहे, गेलं तेव्हा काटा कुठे होता. तिसरा रकाना या धंद्याच्या रीतीचा. मीटर उघडणारा कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. पुढच्याला कळावं, आपल्याआधी कोणाचा हात इथे फिरलाय.

वेगाचं, तेलाचं आणि पाण्याच्या तापमानाचं अशी तीन मीटरं तीन दिवसांत झाली. राहिलं हवेचं. त्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालत. टाकीत हवा किती आहे ते हा काटा सांगे. सहावर असला की ब्रेक लागणार, शून्यावर आला की पाय नुसताच आपटायचा.

मीटरला नळी जोडलेली नव्हती, काही नव्हतं. काटा तीनावर उभा होता.

मास्तरांनी झाकण उघडलं, उजेडात तिरकं धरलं आणि स्टुलावर बसले. आत त्यांचीच खूण होती. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी याच स्टुलावर त्यांचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, ट्रक ड्रायव्हर, एका जागी दोन मिनिटं न टिकणारा. "भाऊजी, हवा चांगली आहे हो, काटाच झोपलाय. तीनाच्या वर जातच नाही. उद्या तपासणी आहे. तेवढा सहावर उभा करा, मग मी आणि गाडी बघून घेऊ."

मीटर आधी पंपावर लावून बघायचं, मगच हात लावायचा, ही मास्तरांची शिस्त. त्या दिवशी घाई होती आणि मागणारा घरचा होता. त्यांनी पंपाला हात न लावता, वहीत नोंद न करता काटा तीन घरं पुढे बसवून दिला. काटा झोपला नव्हता; टाकीत हवाच कमी होती आणि तो खरं बोलत होता. खोटं बोलायला त्याला मास्तरांनी शिकवलं.

तीन आठवड्यांनी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ट्रक उतारावरून सुटला. खाली थांब्यावर उभी असलेली तीन माणसं गेली आणि मेहुणा गेला. ड्रायव्हरला झोप लागली, असं कागदावर आलं आणि लोकांच्या तोंडी राहिलं. मेहुण्याची बायको लेकराला घेऊन गाव सोडून गेली. मास्तरांची बायको मात्र अजून कोणाशीही भांडायला उभी राही, "माझा भाऊ उभ्या जन्मात गाडीवर झोपला नाही." मास्तर तेव्हा चष्मा पुसत.

आता त्यांनी काटा काढला, शून्यावर बसवला, पंपावर तपासला. काटा बरोबर चालला. झाकण मात्र लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून, जरा आडवे होऊन आले तर काटा सहावर.

मीटर टेबलावर मोकळं पडलेलं. नळी नाही, पंप लांब. मास्तरांनी टिचकी मारली. हलला नाही. मग आपोआप हलला. एक झटका, थोडा खाली. थांबला. पुन्हा एक झटका. असे झटके त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ब्रेकवर पाय पडला की तेवढी हवा जाते आणि काटा तेवढा उतरतो. आधीचे झटके सावकाश होते. नंतरचे घाईघाईने आले.

तेरा झटके. तीनावर येऊन थांबला. सव्वीस वर्षांपूर्वी पुढे बसवलेल्या काट्यावर तीन म्हणजे खरं तर शून्य.

घड्याळात चार दहा झाले होते.

पुढच्या दिवशी त्यांनी आतली वाकडी पितळी नळी बदलली, स्प्रिंग बदलली, काटासुद्धा नवा घातला. जुनं म्हणून फक्त झाकण उरलं. चारला पाच कमी असताना काटा सहावर चढला.

त्याच वेळी बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

पहिला झटका. दुसरा.

"कोणीतरी ब्रेक मारतंय," ती म्हणाली.

"स्प्रिंग आहे. नवी आहे, बसायला वेळ लागतो."

"काहीतरीच सांगू नका. ड्रायव्हरची बहीण आहे मी." ती काट्यावरून नजर न काढता ओठांतल्या ओठांत मोजत होती. तीनावर काटा थांबल्यावर तिने पदराने हात पुसले, कोनाड्यातली वही काढली आणि स्टुलावर बसली.

"आलं तेव्हा काटा?"

"तीनावर."

"आत खूण कोणाची?"

मास्तरांनी झाकण पालथं घातलं.

"अहो, विचारतेय. आधी कोणी उघडलं होतं हे?" मग आवाज खाली आणून, "तुम्ही तर नव्हतं ना उघडलं?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसला.

"कोणाचीच नाही. कोरं आहे."

तिने लिहिलं, कोरं.

ती आत गेल्यावर मास्तरांनी कानस घेतली आणि झाकणाची आतली बाजू घासून लख्ख केली. खूण गेली, तारीख गेली. पितळेची पूड त्यांनी फुंकून टाकली.

काटा शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी चार दहा झाले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गृहस्थ टॉवेल घेऊन आले, काटे पाहून खूश झाले आणि फोटो दाखवून गेले. वहीतला चौथा रकाना भरला.

आठवडाभराने एका दुपारी मास्तर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बायको खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली होती. मान कलली होती, हात मांडीवर होते.

तिचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. उचलला. पुन्हा दाबला गेला.

ती कधी गाडी शिकली नव्हती.

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. पाय सावकाश दाबला जात होता, मग घाईने, मग फरशीवर आपटत. त्यांना मोजायचं नव्हतं. तेरा झाले.

पाय थांबला. बायकोने डोळे उघडले नाहीत. आवाज तिचाच होता, झोपेने जडावलेला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि तिने त्यांना अशी हाक कधी मारली नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "सहावरच दाखवतोय ना हो?"