पुढं चालणारा

पाण्यात बुडालेल्या गाड्या बघणं हा माझा धंदा आहे. मी विमा सर्व्हेअर. ऑफिस लातूरला, पण पावसाळ्यात पाय तिथे ठरत नाही. आज देवणी, उद्या उदगीर. चिखलानं माखलेल्या सीटा उचकटायच्या, एअर फिल्टर काढून पाणी कुठवर गेलं ते पाहायचं आणि मालकाचं तेच रडगाणं ऐकायचं, "साहेब, पाणी एवढंच होतं हो." वाहतं पाणी दोन फूट असलं तरी भल्याभल्या जीपला उचलतं. टायर मोठे असतील तर आणखी लवकर, कारण टायरात हवा असते आणि हवा तरंगते. हे मी इतक्या लोकांना ऐकवलंय की बायको मला प्रवचनकार म्हणते.

तरी फोर बाय फोर मीही घेतली होती, इंजिनाला हवा पुरवणाऱ्या, छतापर्यंत गेलेल्या स्नॉर्केलच्या नळीसकट. गावाकडे सगळे त्याला सोंड म्हणत. सुट्टीच्या दिवशी ओढ्यानाल्यातून गाडी घालायची, चिखल उडवायचा, हौसेला मोल नसतं. पण हौस वेगळी आणि पूर वेगळा, एवढी अक्कल मला होती.

गेल्या भाद्रपदात आई अंथरुणाला खिळली. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे, घरणी नदीच्या पलीकडच्या काठावर. पाऊस चार दिवस हटत नव्हता. दुपारी चुलतभाऊ भागवतचा फोन आला.

"दादा, काकूचं काई खरं न्हाई. तोंडच उघडंना. अयोध्याच्या हातचंच पाणी घेईन म्हणून राहिली."

जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घरच्या माणसानं घालायचं. आईनं ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी, अयोध्यासाठी राखून ठेवलं होतं. मी मोठा, तरी मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अयोध्या झाली तेव्हा आई मरता मरता वाचली होती, त्या दोघींचा काही वेगळाच हिशेब होता.

अयोध्या नांदेडला शाळेत शिकवायची. बसनं चाकूरपर्यंत आली, तिथून मी तिला घेतलं. शाळेतून तशीच निघाली होती, बोटांना खडू लागलेला. गाडीत बसली. मग म्हणाली, "दादा, पोचले न्हाई तर आई तशीच तहानलेली जाईल."

"पोचू," मी म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

नदीवर जुना फरशी पूल आहे. कठडे नाहीत, दोन्ही कडांना चुना लावलेले दगड रोवलेले. ते दगड दिसत नव्हते. पूलच दिसत नव्हता. दोन्ही काठांच्या मधे तांबडकाळं पाणी वाहत होतं आणि त्यातून मुळासकट उपटलेलं सोयाबीन भाऱ्याच्या भाऱ्यानं चाललं होतं. अलीकडच्या तोंडाला कुणीतरी बाभळीची फांदी आडवी टाकली होती. एरवी तिथे दहा-पंधरा माणसं उभी असतात, पाणी बघायला. त्या दिवशी कुणी नव्हतं.

मी गाडी बंद केली. माघारी फिरून नळेगावच्या मोठ्या पुलावरून जावं असं मनात होतं; तो चालू आहे की नाही ते भागवतला विचारायला फोन काढला. तेवढ्यात अयोध्या म्हणाली, "हा बघ, पुढं चालायला माणूस हाय की."

आमच्याकडे पुरातून गाडी काढायची तर एक जण पुढं चालतो. काठीनं पुलाची कड चाचपत जातो, गाडी त्याच्या मागं. चालवणाऱ्यानं पाण्याकडे बघायचं नाही, पुढच्याच्या गुडघ्याकडे बघायचं. गुडघा दिसतोय तोवर चालायचं, गुडघा बुडाला की रिव्हर्स. आमच्या आज्याच्या बैलगाडीपासून हे चालत आलंय, आणि मी कितीही सर्व्हेअर असलो तरी त्या पट्टीवर माझा विश्वास होता. चुना लावलेल्या दगडापेक्षा जास्त.

माणूस पाण्यात उभा होता, पाठमोरा. धोतर वर खोचलेलं, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. पाणी त्याच्या गुडघ्याच्या खाली. मी हॉर्न दिला. त्यानं वळून बघितलं नाही, चालायला लागला.

गुडघ्याखाली म्हणजे दीड फूट. माझी गाडी तेवढ्यात आरामात जाते. मी उतरून फांदी बाजूला केली, लो रेंज लावली, पहिला गिअर, आणि त्याच्या मागं निघालो.

पुलाच्या मधोमध येईपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. माणूस एका चालीनं चालत होता, काठी उजवीकडे टेकत, डावीकडे टेकत. माझे डोळे त्याच्या गुडघ्यावर. दोन्ही गुडघे मागून कोरडे दिसत होते.

मग बॉनेटवर पाणी आलं.

आधी वाटलं लाट असेल. पण ते उतरलं नाही. बॉनेटवरून काचेपर्यंत आलं, वायपर पाण्यात फिरायला लागले. दाराच्या फटीतून आत धार लागली, माझे बूट भरले. मी समोर बघितलं. तो आमच्यापासून दहा पावलांवर होता आणि पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागत होतं.

"दादा," अयोध्या हळू आवाजात म्हणाली, "एवढं पाणी कुठून आलं?"

मागचा भाग उचलला गेल्याचं मला सीटमधून कळलं. गाडी आडवी सरकली, खाली कुठल्यातरी दगडाला खाडकन अडली आणि बंद पडली. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. बाहेर पाणी माझ्या खिडकीच्या अर्ध्या काचेपर्यंत होतं.

माणूस थांबला. वळला नाही. काठी टेकून उभा राहिला, वाट बघत असल्यासारखा.

"थांबलाय बघ आपल्यासाठी," अयोध्या म्हणाली. तिनं चपला काढून हातात घेतल्या.

"अयोध्या, उतरू नको. दार उघडणारच नाही."

ते मी माहितीतून बोललो होतो. एवढ्या पाण्यात दार उघडत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो, पैलवानालाही ते जमत नाही. मी माझ्या रिपोर्टांत हे वाक्य कितीतरी वेळा लिहिलंय.

तिनं दार उघडलं.

घरचं दार उघडावं तसं. पाणी आत आलं नाही.

ती उतरली. साडीचा घोळ एका हातानं वर धरला आणि चालायला लागली. माझ्या बाजूच्या काचेला सोयाबीन घासून जात होतं, आणि तिच्या पायांना पाणी गुडघ्याखालीच होतं.

मी ओरडलो. माझं दार ढकललं, खांद्यानं धडका दिल्या, लाथा मारल्या. ते तसूभर हललं नाही. तिच्या बाजूला झेपावलो तर ते दारही आता बंद होतं आणि त्याच्या काचेवर पाणी.

तिनं एकदा मागे बघितलं.

मग पाऊस आडवा आला, आणि मला कुणी दिसलं नाही.

मला बाहेर काढलं रामलिंगनं. अलीकडच्या वस्तीवरचा माणूस, ट्रॅक्टर आणि कासरा घेऊन आला होता. मागची काच फोडून मला ओढलं. मी काठावर पुलाकडे बघत बसलो होतो. त्यानं स्वतःच विचारलं, "पाठमोरा व्हता न्हवं?"

मी मान हलवली. त्यानं खिशातली बिडी काढली, भिजलेली पाहून परत ठेवली.

अयोध्या दुसऱ्या दिवशी सापडली, खूप खाली, बाभळीत अडकलेली. पंचनाम्यात मी सांगितलं की गाडी बंद पडली, ती उतरायला गेली आणि वाहून गेली. पाण्याची खोली विचारली तेव्हा पाच फूट म्हणालो. गुडघ्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. भागवतला नाही, बायकोला नाही. माझी बहीण गेली होती आणि मला अजून तिच्या बोटांवरचा खडू दिसत होता.

आणि आई वाचली.

डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. ताप उतरला, ती पेज घ्यायला लागली, ताक घ्यायला लागली. पाणी मात्र नाही. तांब्या पुढे केला की तोंड फिरवायची. "अयोध्या येऊन राहिली. येऊ दे तिला." तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. मी दर रविवारी जायचो, ती माझ्या मागे बघायची, मागे कुणी नसायचं. मग बाजेवरून दाराबाहेर नदीकडे तोंड करून पडायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ती वाळत चालली, पण जीव काही जाईना. मला वाटायचं, एखाद्या माणसानं किती ताटकळावं.

शिवरात्रीच्या सुमारास नदी पार आटली. पुलावरून एसटी धूळ उडवत जायची. त्या रविवारी घरात आम्ही दोघंच होतो, भागवत आणि त्याची बायको हरभऱ्याच्या राशीला गेलेले. मी आईला ताक आणायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तर ती उशीला टेकून बसली होती. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"ताक नको," ती म्हणाली. "माझं पोट भरलं."

मी शेजारी बसलो. तिनं माझा हात हातात घेतला आणि थोडा वेळ कुरवाळला.

"सोमेश, तुला एक इचारू का? अयोध्या मला पुसून राहिली. पाणी तर गुडघ्याएवढंच व्हतं म्हनं. मग दादा गाडीतच कामून बसून ऱ्हायला?"

मी रडायला लागलो. आईनं डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

भागवतला निरोप पाठवायच्या आधी तिचं तोंड पुसावं म्हणून मी पंचा घेतला. तिचे ओठ ओले होते. ओठांच्या कोपऱ्यात आणि दातांच्या फटीत बारीक काळा गाळ होता, आणि सोयाबीनचं एक हिरवं पान.