टाकीचं झाकण लागेपर्यंत

"जरा बाजूला व्हा."

तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं एवढंच. पोकलेनचा हा नवा ऑपरेटर त्या दिवशीच खोदकामावर आला होता आणि ती डिझेलच्या टँकरवर होती. तिने पोकलेनचं इंजिन बंद असल्याची खात्री केली, त्याच्या टाकीखाली ट्रे सरकवला, भुशाची बादली हाताशी ठेवली आणि नोझल आत घातलं. मग तिची नजर तिथून हलली नाही.

"आधीच्या साइटवर नोझलच्या खटक्यात दगड अडकवून सगळे चहाला जायचे," तो म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही इकडे आलात वाटतं."

तो हसला... तिने पाहिलंच नाही. पन्नास पावलांवर ओढा होता आणि पलीकडची वस्ती त्याचंच पाणी भरायची. मागे एकदा तिच्या हातून डिझेल सांडलं होतं. पुन्हा सांडलं तर टँकर दुसऱ्याकडे जाईल, असं मुकादमांनी बजावलं होतं.

मग रोज सकाळी ती दहा मिनिटं यायची. तो बोलायचा, ती नोझलकडे बघत उत्तर द्यायची.

"काठोकाठ भरा की."

"उन्हाने डिझेल फुगतं. वर जागा ठेवावी लागते."

"माणसांचंही तसंच का?"

"काही जण उन्हाशिवायच फुगतात."

महिन्याभरात तिच्या कानामागची बट, हातमोज्याचं फाटलेलं बोट, सगळं त्याला पाठ झालं. एकच गोष्ट राहिली होती. एका सकाळी तो हळूच म्हणाला, "तुमच्या डोळ्यांचा रंग... मला अजून माहीत नाही."

तिने मान वर केली. क्षणभरच—

फेस उसळला. डिझेल ट्रेमध्ये पडलं, कडेवरून ओघळलं, उताराला लागलं. तिने खटका सोडला, तोवर त्याने धावत भुशाची बादली ओघळापुढे पालथी केली होती. भुशाने सगळं शोषलं. ओढ्यापर्यंत थेंबही गेला नाही.

मुकादम आले.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी बोलत होतो."

"नजर माझी हलली," ती म्हणाली. "टँकर काढून घ्यायचा तर घ्या."

मुकादमांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "खरं बोललीस, आणि ट्रे-भुसा जागेवर होता. टँकर राहू दे तुझ्याकडेच. पण हा बोलघेवडा उद्यापासून त्या मोठ्या दगडापलीकडे उभा राहील."

दुसऱ्या दिवशी तो दगडापलीकडे गप्प उभा होता. तिने डिझेल भरलं, वर जागा ठेवली, नोझल निथळू दिलं, झाकण घट्ट लावलं. मग हातमोजे काढत ती सरळ त्याच्याकडे चालत आली.

"आता बघा. टाकी बंद आहे."

तो बघत राहिला.

"रंग ओळखायला एवढा वेळ?"

"तपकिरी," तो म्हणाला. "पण नजर हलवायची नाही, हे तुमच्याकडूनच शिकलोय."

ती लाजली. मग खाली न बघताच म्हणाली, "उद्या चहा आण. दोन कप... आणि काठोकाठ भरू नकोस."