सारसोळ्याच्या अंगणातले ग्रह

सीवूड्स स्टेशनाबाहेर एक तरुण थर्माकोलचा भलामोठा गोळा रिक्षात बसवायची खटपट करत होता आणि रिक्षावाला नुसती मान हलवत होता. गोळ्यावर तपकिरी-पांढरे पट्टे होते, वरच्या अंगाला एक लाल डाग.

प्रियदर्शिनी एरवी पुढे निघून गेली असती. पण रविवार होता, आणि रविवारी तिला कुठेच पोचायचं नसायचं. बँकेच्या नोकरीसाठी लातूरहून येऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी घरी आली की सोमवारी काउंटर उघडेपर्यंत तिला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

"गुरू आहे ना हा?" तिने विचारलं.

"आसंल. मी फोटो बघून रंगवला, मॅडम. मॉलमध्ये नमुना दाखवून आनला. पोरांच्या सुट्टीत सजावटीला सगळे ग्रह पायजेत त्यांना."

"तो डाग खाली हवा. वादळ आहे ते. आपली अख्खी पृथ्वी मावेल त्यात."

त्याने गोळा उलटा धरला. "आता?"

"आता बरोबर."

"मग बाकीचे कोन सांगनार?" तो हसला. "अंकुश माझं नाव. सारसोळ्याला घर हाय, जेट्टीजवळ. आई आसते घरी. बघायला याल?"

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर ती गेली. अंगणात बोंबलांच्या शेजारी ग्रह सुकत होते. अंकुशच्या आईने, बायजाबाईने, शनीला तेवढं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. साडेसाती घरात नको म्हणून तो बिचारा आपली कडी सांभाळत जाळ्यांच्या ढिगावर बसला होता.

"शनी फार हलका असतो," प्रियदर्शिनी म्हणाली. "तेवढं मोठं पाणी मिळालं तर तरंगेल."

"आमची खाडी चालंल?" अंकुशने गंभीरपणे विचारलं.

ती हसली... आणि आपलं हसू ऐकून स्वतःच दचकली.

मग ती रोजच जायला लागली. मंगळाला गंजाचा रंग कसा लावायचा, युरेनस आडवा पडून कसा फिरतो, ती सांगायची. तो ब्रश चालवत ऐकायचा. मध्येच मान वर करून बघायचा, आणि तिचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं.

"शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो," ती एकदा म्हणाली.

"मग माणसानं करायचं काय एवढ्या दिवसाचं?"

"माझ्या रविवारचं मी काय करते?" ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

अंकुशने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. पण रविवारी सकाळीच त्याचा फोन आला. "नेपच्यूनचा निळा जमत नाय. याल?"

ती गेली. निळा अगदी हवा तसा होता. रंगही केव्हाच वाळलेला.

"अजून एक हात द्या," ती म्हणाली.

"मला पन तसंच वाटत होतं," तो म्हणाला, आणि त्याने पाट पुढे सरकवला.

शेवटी ग्रह मॉलच्या छताला टांगले गेले. खाली मुलं बोटं दाखवून नावं घेत होती. "आता उरणला लग्नाचा मांडव सजवायचा हाय," अंकुश म्हणाला. "आठवडाभर तिकडंच."

"हो... या मग."

फोन करायला कारण उरलं नाही, तिला आणि त्यालाही. ती बँकेतून थेट मॉलमध्ये जायची, वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहायची. नेपच्यूनवरून सूर्य नुसत्या चांदणीएवढा दिसतो, हे तिने कधीतरी वाचलं होतं. आता ते उगाचच आठवायचं.

तेवढ्यात तिची बदली मंजूर झाली. इकडे आल्याआल्याच तिने अर्ज केला होता, परत लातूरसाठी. आनंद व्हायला हवा होता. तिने सुट्टी टाकली आणि बायजाबाईला मांडवाचा पत्ता विचारून ती उरणला गेली.

अंकुश शिडीवर चढून झालर बांधत होता. तिने खालूनच बातमी सांगितली. त्याचे हात थांबले.

"चांगलं झालं," तो झालरीकडे बघत म्हणाला. "आईबाबा हायत तिथं."

"जाऊ मी?"

"मी कोन नको म्हननारा..."

तिने नजर वळवली. मांडवात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. तेवढ्यात नवरीचा मामा लगबगीने आत आला. तिला एकटीला पाहून थबकला.

"ताई, तुम्ही कोनाकडच्या? नवऱ्याकडच्या का नवरीकडच्या?"

प्रियदर्शिनीने शिडीकडे पाहिलं. तिचे कान तापले.

"ह्यांच्याकडची," ती म्हणाली.

मामाने मान डोलावली आणि तो स्वयंपाक बघायला गेला. अंकुश सावकाश खाली उतरला. झालरीचं सुटलेलं टोक अजून त्याच्या हातात होतं.

"आनि बदली...?"

"नको म्हणून कळवीन."

ती जवळच्या खुर्चीवर टेकणार, तोच तो म्हणाला, "थांब." तुम्ही, मॅडम, सगळं विसरून.

ती थांबली. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तिची खुर्ची पुसली, मग तिच्या शेजारचीही.